पायऱ्या उतरणारं पीठ

ज्युलियस मिस्किटाने आयुष्यात कधी पायरी गाळली नव्हती. जिन्याची नाही आणि कामाचीही नाही. ठाण्यात, खोपटच्या एसटी डेपोमागच्या गल्लीत त्याचं घर आहे, म्हणजे खाली एका शिंप्याचं दुकान आणि वर हा. वर जायला बाहेरून दगडी जिना. गल्लीतली पोरं तो जिना उड्या मारत चढतात, पाहुणे धापा टाकत चढतात. ज्युलियस मात्र प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवतो, क्षणभर थांबतो, जणू पायरीने आपल्याला नीट स्वीकारलंय ना याची खात्री करून घेतो, आणि मगच पुढची चढतो.

वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत तो प्रशिक्षणाचे आराखडे बनवतो. शिकवत नाही, कसं शिकवायचं ते ठरवून देतो. हा फरक लोकांना समजावता समजावता त्याचे केस पांढरे झाले. त्याचा मेहुणा इनास अजूनही विचारतो, "म्हंजे तू मास्तर नाय. मास्तराचा मास्तर?"

"तसं नाही रे."

"मग हेडमास्तर."

ज्युलियसची पद्धत सरळ आहे, इतकी सरळ की तिला वळणच माहीत नाही. आधी शोधायचं, कोणाला काय येत नाही आणि ते यायला हवं का. मग ठरवायचं, शिकून झाल्यावर त्या माणसाला नेमकं काय करता यायला हवं. मग परीक्षा लिहायची. इथे नवखे लोक दचकतात, कारण अजून धडा कुठे आहे? धडा त्यानंतर. मग तो एकाच माणसावर करून बघायचा, मग चारचौघांवर, आणि सगळ्यात शेवटी काय साधलं, काय फसलं ते मांडायचं. एक पायरी पूर्ण झाली, तिच्यावर सही पडली, की पुढची. सहीशिवाय पुढे जाणं म्हणजे ज्युलियसच्या मते चप्पल न काढता देवळात किंवा मोठ्याने बोलत चर्चमध्ये जाण्यासारखं.

या पद्धतीने त्याने घोडबंदर रोडच्या टॉवरांमधल्या वॉचमनना 'किधर?' च्या आधी 'नमस्कार' म्हणायला शिकवलं. लिफ्ट अडकली तर आतल्या माणसांशी बाहेरून काय बोलत राहावं, याचाही त्याने एक सुंदर कार्यक्रम बनवला होता. लिफ्टी त्यामुळे कमी अडकल्या नाहीत, पण आतली माणसं बाहेर आली ती हसत बाहेर आली.

ऑफिसात त्याच्या शेजारी दक्षता बसते. कोलशेतच्या कोळीवाड्यातली, हुशार, नव्या पद्धतीची. तिचं काम फिरत फिरत होतं. थोडं करायचं, लोकांच्या हातात द्यायचं, फसलं की वळून पुन्हा करायचं.

"सर, आता असं सरळ रेषेत कोणी करत नाही," ती अधूनमधून सांगायची.

"वळून यायला लागतं याचा अर्थ कुठे जायचं ते आधी ठरलेलं नव्हतं."

"अहो, खाडीत पायऱ्या नसतात, सर."

यावर ज्युलियस हसून म्हणायचा, "म्हणून तर मी खोपटला राहतो."

लग्नही त्याने असंच केलेलं. स्टेला त्याला आवडते हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं, पण ज्युलियस अजून पहिल्या पायरीवरच होता. तिला काय आवडतं, काय नाही, तिच्या घरच्यांचं काय म्हणणं, स्वतःला खरोखर लग्नाची गरज आहे का. शेवटी चर्चच्या जत्रेत स्टेलानेच विचारलं, "ज्युलियस, तू मला विचारणार आहेस, की अजून सर्व्हे चालू आहे?" ज्युलियस म्हणाला, "थोडा बाकी आहे." "मग बाकीचा लग्नानंतर कर," ती म्हणाली. त्याने तो आयुष्यभर केला, आणि दोन वर्षांपूर्वी ती गेली तेव्हाही तो संपला नव्हता.

आता स्टेलाची सगळ्यात मोठी गोष्ट सांगायची, तर तिचे फुगे. गल्लीबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: हे दोऱ्याला बांधायचे फुगे नव्हेत, खायचे. मैदा, अंडी, नारळाचं दूध घालून सैलसर पीठ फेटायचं, ते आंबून वर आलं की मुठीतून, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या फटीतून, त्याचे गोळे तेलात सोडायचे. बाहेरून तांबूस, आतून पोकळ, मऊ. ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या मराठी ख्रिस्ती माणसाच्या लग्नात नवरा-नवरी एक वेळ उशिरा आलेली चालतात, पण फुगे आणि त्याबरोबरचं डुकराच्या मटणाचं आंबट-तिखट इंदियाल वेळेवर लागतं. स्टेला पिठावर बोटाने क्रूस काढायची आणि टोपाला ज्युलियसचा ऑफिसचा कोट गुंडाळायची.

"घरात घोंगड्या आहेत ना गं," तो दर वेळी म्हणायचा.

"घोंगडीला घाई असते. तुझ्या कोटाला नसते."

त्यामुळे सोमवारी ज्युलियस मीटिंगला बसला की खोलीभर बेकरी उघडल्यासारखा गोडसर आंबूस वास पसरायचा आणि साहेबांना अकरा वाजता भूक लागायची. स्टेला गेल्यावर कोट लाँड्रीतून येऊ लागला. त्याला आता कसलाच वास येत नव्हता.

लेक इलेनचं लग्न जानेवारीअखेर ठरलं. मुलगा वसईचा, स्वभावाने गरीब, खाण्यात श्रीमंत. इलेन डोंबिवलीच्या एका दवाखान्यात लोकांचे आखडलेले खांदे सोडवते, त्यामुळे तिचं बोलणंही तसंच, दाबून आणि मोकळं करून. एका संध्याकाळी ती म्हणाली, "डॅडी, केटररला फुगे पण सांगून टाकते. त्याचे बरे असतात."

ज्युलियस चहा ढवळत होता. ढवळतच राहिला. मग म्हणाला, "फुगे मी करीन."

"तू?"

"मी."

"डॅडी, तू अंडं उकडतोस तेव्हा पण मला फोन करतोस."

"म्हणून तर आधी प्रशिक्षण घेईन. आराखडा करतो."

इलेनने त्याच्याकडे पाहिलं. तिला हसू आलं होतं, पण ते तिने गालातच ठेवलं. म्हणाली, "रविवारी पाच वाजता केटररला शेवटचं सांगायचंय. तोपर्यंत एकदा करून दाखव. जमलं तर आईच्या पद्धतीने आपले घरचे फुगे. नाही जमलं तर गप्प त्याचे घेऊ. आणि वाईट वाटून घ्यायचं नाही."

वाईट वाटून घ्यायचं नाही हे त्याने लगेच कबूल केलं, कारण त्या गोष्टीला अजून अवकाश होता. पण त्या दिवसापासून त्याला एकच दिसू लागलं: मांडवात लेक बसलीय, ताटात कोणातरी अनोळखी माणसाचा फुगा आहे, आणि स्टेला कुठेच नाही.

पहिल्या पायरीवर त्याने गल्लीतल्या जाणकारांना भेटी दिल्या. कोपऱ्यावरची मावशी म्हणाली, ताडीशिवाय फुगा म्हणजे पाव. समोरच्या बाईने सांगितलं, ताडी आता कुठे खरी मिळते, यीस्ट घाल. चर्चच्या कॉयरमधल्या आजींनी दोन्हींना नाक मुरडलं आणि म्हणाल्या, आदल्या दिवशीचं आंबलेलं पीठ विरजणासारखं लाव. मुठीतून गोळा कसा सोडायचा ते तिघींनी हवेतच करून दाखवलं, आणि ज्युलियसने ते बघून अंगठ्याची चित्रं काढली. बाजूने अंगठा, वरून अंगठा, दाब देणारा, दाब सोडणारा. बसस्टॉपवर उभा असतानाही त्याची मूठ उघडमीट करत असायची. शेजारची माणसं जरा लांब सरकून उभी राहायची.

इनासला विचारलं तर तो म्हणाला, "बहीण होती, पण मी फकस्त खायचो. मना काय ठाव? पिठाशी बोलायची ती."

"काय बोलायची?"

"तुझ्याबद्दल असल. मोठ्यानं नाय बोलायची."

धड्याच्या आधी परीक्षा. फुगा गोल असावा, पोकळ असावा, फोडल्यावर वाफ यावी, हे सोपं होतं. पण स्टेलाचे फुगे खाताना आणखी एक व्हायचं. पहिला घास तोंडात गेला की माणूस बोलायचा थांबायचा. वाद घालणारा थांबायचा, गाणारा थांबायचा. दुसऱ्या फुग्याला हात घालेपर्यंत शब्द नाही. ज्युलियसने खूप विचार करून शेवटची कसोटी लिहिली: 'पहिला फुगा खाऊन होईपर्यंत इलेन काही बोलणार नाही.' आणि खाली सही केली.

रविवार उजाडला तो खाडीवरचं धुकं गल्लीपर्यंत घेऊन. इलेनला दवाखान्यात सकाळची ड्यूटी होती. ती चारच्या सुमारास येणार होती. चर्चमधली पहाटेची मास, म्हणजे प्रार्थना, आटपून आल्यावर ज्युलियसने बाह्या वर केल्या आणि पीठ फेटायला घेतलं. प्रश्न आला आंबवण्याचा. ताडी, यीस्ट की विरजण? तीन जाणकार, तिन्ही अनुभवी. एकीचं घ्यावं तर दुसरीचा अनुभव वाया. एखादा साधा गृहस्थ असता तर त्याने नाणं उडवलं असतं. पण आराखडे करणाऱ्याला सगळ्या तज्ज्ञांची मतं सामावून घ्यायची सवय असते. ज्युलियसने तिन्ही घातली.

मग क्रूस काढला. टोपाला कोट गुंडाळला, बाह्या पुढे घेऊन गाठ मारली. स्वयंपाकघरात गारवा होता, म्हणून टोप जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, कोवळ्या उन्हात नेऊन ठेवला, आणि पीठ फेटण्याची पायरी झाली तिचा अहवाल लिहायला खाली शिंप्याच्या बंद दुकानापुढे खुर्ची टाकून बसला. अहवाल लिहून, सही करून, मगच पुढे.

जानेवारीतलं ऊन ठाण्यात फार थोडे दिवस असं पडतं. अंगावर शाल घालावी तसं. डेपोतून गाड्यांच्या घोषणा येत होत्या, एक बाई गावांची नावं पाळणा म्हटल्यासारखी म्हणत होती. नाव कुठलं ते कळत नव्हतं, नुसता सूर यायचा, थोडा थांबायचा, पुन्हा यायचा. ज्युलियसने 'मिश्रण समाधानकारक' एवढं लिहिलं आणि लेखणी मांडीवर टेकवली.

तो जिना चढत होता. जिना हाच, घर हेच, पण पायरीवर पाय ठेवला की पायरी जराशी दबायची आणि पाय काढला की हळूच पुन्हा वर यायची. पांढरी, मऊ, कोमट. दोन्ही बाजूंना गल्ली नव्हती, नुसतं धुकं होतं आणि त्यातून खाडीतल्या पक्ष्यांचा गुलाबी थवा कुठेतरी सावकाश चालला होता. वर, जिथे जिना संपायला हवा, तिथे स्टेला बसली होती, त्याचा कोट घालून. बाह्या तिला मोठ्या होत होत्या. घोषणेतली बाई म्हणाली, पुढची पायरी थोड्याच वेळात सुटेल, प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी.

"ये लवकर, सुटतेय ती," स्टेला म्हणाली.

"मागचीवर सही राहिलीय गं."

"मी करते नंतर. तू ये."

"नक्की?"

"तुझ्या किती सह्या मी केल्यात, तुला माहीत तरी आहे का?"

हे काही त्याला माहीत नव्हतं. विचारावं म्हणून तो वर बघू लागला, तर पायरी पायाखालून फुगत चाललेली, त्याला अलगद उचलत, आणि सगळीकडे तो वास. सोमवारचा वास. त्या वासाने त्याला जाग आली.

वास खरा होता. डोळे उघडले तेव्हा दुपार झाली होती. त्याने जिन्याकडे पाहिलं, आणि आधी त्याला वाटलं की स्वप्नाचा थोडा भाग आत न्यायचा राहिला असावा.

पीठ जिना उतरत होतं. कोटाची गाठ सुटून एक बाही खाली लोंबली होती आणि तिच्या आधाराने, लहान मुलाने आईचं बोट धरून उतरावं तसं, ते टोपातून बाहेर आलं होतं. एका पायरीवर येऊन पसरायचं, जागा नीट भरून घ्यायचं, काठाशी थांबायचं, आणि मग पोट पुढे काढून खालच्या पायरीवर पाऊल टाकायचं. कसलीही घाई नाही. एकही पायरी न गाळता. ज्युलियस उभा राहून बघत राहिला. इतक्या शिस्तीत काम करणारं त्याला आजवर कोणी भेटलं नव्हतं.

तेवढ्यात इनास आला. रविवारी दुपारी तो येतोच. त्याने जिना पाहिला, ज्युलियसला पाहिलं, पुन्हा जिना पाहिला.

"ज्युल्या, तुझं पीठ मासला चाललंय काय? सांग त्याला, संपली मास."

"इनास, चुकलं रे. पहिल्या पायरीपासून सगळं परत करावं लागेल. विश्लेषणच चुकलं."

"कंची पहिली पायरी? खालची की वरची? वरची तर भरलीय." इनासने मान उंचावून टोपाचा अंदाज घेतला. "अर्धं हाय अजून टोपात. तेल ठेव. पोरगी येईल आता."

"पण अहवाल..."

"पिठाला वाचता येत नाय रं."

वर जायचं तर जिना एकच, आणि मधल्या पायऱ्या पिठाने धरलेल्या. इनास पँट वर करून टुणकन गेलासुद्धा. ज्युलियस शेवटच्या कोरड्या पायरीवर दोन्ही पाय टेकवून उभा राहिला. समोर पीठ मंद फुगत होतं. पायरीवर पाय ठेवावा तर आत जातो, न ठेवावा तर नियम जातो. त्याने कठड्याला धरलं, डोळे मिटले, आणि टांग टाकली. दोन-तीन पायऱ्या त्याच्या खालून निघून गेल्या, त्याला न कळवता. वर पोचला तेव्हा त्याचं हृदय गल्लीतल्या पोरांसारखं उड्या मारत होतं.

तेल तापलं. पहिला फुगा मुठीतून सुटला तो सुटलाच नाही. शेपूट लांबवत तेलात गेला आणि बेडकाच्या पिल्लासारखा पोहू लागला. दुसरा इनासच्या नाकासारखा झाला, हे स्वतः इनासनेच सांगितलं. ज्युलियसला प्रत्येक फुग्यानंतर थांबून काय चुकलं ते लिहायचं होतं, पण हात कोपरापर्यंत पिठात. लेखणी धरावी कशाने? मग लिहायचं राहिलं. त्याऐवजी त्याने बोट पाण्यात बुडवलं. शेपूट आखूड झालं. मूठ जरा सैल केली, पोट गोल झालं. तेल थोडं जास्त तापवलं, रंग आला. मध्येच पुन्हा शेपूट आलं, का आलं कोण जाणे, मग अंगठा जरा वाकवला आणि ते गेलं. बसस्टॉपवर वेड्यासारखी उघडमीट केलेली ती मूठ आता आपली आपण चालत होती. काढलेली अंगठ्याची सगळी चित्रं अंगठ्यात उतरली असावीत. आपण आत्ता कुठल्या पायरीवर आहोत, हे त्याला त्या वेळी कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तो हळू आवाजात काहीतरी बोलत होता.

"कोणाशी बोलतोस?" इनासने झारा हलवत विचारलं.

"कोणाशी नाही."

"मोठ्यानं नको बोलू. ती बी नाय बोलायची."

चार वाजून गेले तेव्हा इलेन हातात सँडल घेऊन वर आली. पायाला पीठ, चेहऱ्यावर प्रश्न. परातीत फुगे होते. काही गोल, काही शेपटीवाले, काहींना ओळख सांगावी लागली असती. ज्युलियसने त्यातला बऱ्यापैकी गोल निवडून तिच्या हातात दिला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. इतक्या लोकांच्या परीक्षा त्याने लिहिल्या होत्या, पण आज परीक्षा त्याची स्वतःची होती.

इलेनने फुगा फोडला. वाफ आली. आतून पोकळ. तिने घास घेतला. चावला.

"आंबट आहे," इलेन म्हणाली.

बोलली. पहिला घास संपायच्या आधी बोलली. ज्युलियसने मान हलवली. कसोटी त्याचीच होती, सही त्याचीच. "बरोबर," तो म्हणाला. "केटररला सांगून टाक. मी वाईट नाही वाटून घेत."

"आणि ह्याला शेपूट का आहे?" ती म्हणाली, आणि शेपटीवाला उचलून तोंडात टाकला. मग आणखी एक. ताटली घेतली नाही, बसली नाही. ओट्याला कंबर टेकून, एका पायावर भार देऊन, तळलेला फुगा या हातातून त्या हातात फुंकत. लहानपणी स्टेलाशेजारी ती अशीच उभी राहायची, आणि स्टेला तिला म्हणायची, पाहुण्यांसाठी ठेव. ज्युलियसला ते म्हणायचं होतं. त्याऐवजी त्याने परात तिच्याकडे सरकवली.

इनास म्हणाला, "नापास माल संपवतेय बघ कशी."

इलेनने हात पुसले, फोन लावला. "अंकल, हो, इलेन. इंदियाल तुमचं, पुलाव तुमचा. फुगे नको. नाही, नाही, दुसऱ्या कोणाला नाही दिले. घरी होतील." फोन ठेवून ती बापाकडे वळली. "यीस्ट किती घातलंस?"

"यीस्ट, ताडी आणि विरजण."

"तिन्ही?"

"तिघींचं मन राखलं."

आता मात्र तिचं हसू गालात मावेना. ती हसली, इनास हसला, आणि मग ज्युलियसही, उशिरा. "पुढच्या रविवारी एकच घालायचं," ती डोळे पुसत म्हणाली. "मी पण येते पीठ फेटायला. मला पण शिकव."

"शिकवतो. पण आधी तुला नक्की काय येत नाही, ते—"

"डॅडी, तो टोप दे इकडे. घासायला टाकते."

संध्याकाळी बापलेकीने बादलीने जिना धुतला, वरून खाली. तरी मधल्या पायऱ्यांच्या कोपऱ्यात थोडं पीठ राहिलंच. मुंग्यांची त्या दिवशी चंगळ झाली असणार.

सोमवारी ज्युलियसने कोट झटकला, बराच वेळ हातात धरला आणि घातला. ऑफिसात तो खुर्चीत टेकतो न टेकतो तोच दक्षताने मान वर केली, हवेत नाक फिरवलं.

"सर, तुमच्या कोटाला कसला तरी वास येतोय. बेकरीसारखा. आमच्या खालची लाँड्री चांगली आहे, देऊ का संध्याकाळी?"

"नको," ज्युलियस म्हणाला. खिडकीतून ऊन त्याच्या बाहीवर आलं होतं. "रविवारी परत लागणार आहे."

थोड्या वेळाने साहेब आपल्या केबिनमधून बाहेर आले आणि अकरा वाजायच्या आधीच सगळ्यांना विचारू लागले, कोणी काही खायला मागवतंय का.